शिल्लक ठोके

माझ्या भाऊजींचा ठाम विश्वास होता की माणूस जन्माला येतो तो छातीचे ठोके मोजून घेऊनच. कुणाला चार जास्त, कुणाला चार कमी, पण आकडा ठरलेला. जो धावतो, जिने चढतो, सकाळी उठून हातपाय झाडतो, तो आपले ठोके उधळून टाकतो. आणि जो शहाणा असतो तो खुर्चीत बसून ते पुरवून पुरवून वापरतो. भाऊजी शहाणे होते. इतके शहाणे की पाण्याचा पेला चार हातांवर असला तरी ते उठत नसत, ताईला हाक मारत.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आणि मी हॉस्पिटलात ईसीजी काढते. दिवसाला तीस-चाळीस माणसांच्या छातीला वायरी लावायच्या, यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली की फाडायची आणि डॉक्टरांकडे पाठवायची, हे माझं काम. एकोणीस वर्षं लोकांची हृदयं बघितल्यावर घरातल्या या एका हृदयाबद्दल मला मत असणारच. ते मी दर भेटीत बोलून दाखवत असे. मेव्हणीला तेवढा हक्क असतो, आणि मी तो पुरेपूर वसूल केला.

भाऊजी पाणीपुरवठा खात्यात पंप ऑपरेटर. शहराच्या कडेला उंच टाकी, टाकीच्या पायाशी एक लांबट खोली, खोलीत शेजारी शेजारी दोन मोठे पंप, भिंतीवर दाब दाखवणारे काटे, एक टेबल, एक नोंदवही. आणि एक चाकांची खुर्ची. ही खुर्ची कचेरीतल्या कुण्या साहेबांनी टाकून दिलेली. भाऊजींनी तिच्या चाकांना वंगण घातलं, ताईकडून गादी शिवून घेतली आणि त्या दिवसापासून पंपहाउस बसूनच चालवायला घेतलं. तासाला एकदा दाब बघायचा, तर उजव्या पायाने भिंतीला एक रेटा द्यायचा, की खुर्ची घरंगळत थेट काट्यांपाशी. परत यायला रेटाही लागत नसे, फरशीला तेवढा उतार होता. चोवीस तासांत या माणसाचा व्यायाम म्हणाल तर हाच रेटा, आणि तोही एकाच पायाचा.

कामात मात्र नाव ठेवायला जागा नव्हती, हे मला कबूल करावं लागेल. पंपहाउसचा नियम असा की दोन पंपांनी पाळीपाळीने चालायचं. एक आठवडा एक नंबर, पुढचा आठवडा दोन नंबर. "एकालाच राबवलात तर त्याचं बेअरिंग जळणार. आणि दुसऱ्याला नुसतं उभं ठेवलंत तर त्याचा दांडा गंजून जाम होणार. मग एक दिवस पहिला बसतो आणि दुसरा उठत नाही, आणि अख्खं शहर कोरडं!" हे भाऊजी नव्या माणसाला असं सांगत की ऐकणाऱ्याने उभं राहून ऐकावं. एकदा ते आठ दिवस रजेवर गेले आणि बदली ऑपरेटरने आळस करून पाळी बदललीच नाही. भाऊजींनी त्याच्याविरुद्ध दोन पानी तक्रार लिहिली. बसून लिहिली, पण लिहिली.

टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांनी पाइपाचा एक कापलेला तुकडा ठेवला होता. बाहेरून चांगला जाडजूड, वरचा रंगही शाबूत. आत मात्र क्षार साचून साचून असं झालेलं की अंगठासुद्धा जाईना. आल्यागेल्याला ते तो तुकडा दाखवत.

"बघा मेव्हणीबाई," चहात पाचवं बिस्किट बुडवत ते मला म्हणाले होते, "वीस वर्षं कुणी आत डोकावलं नाही. वरून बघाल तर झकास."

"तुमच्या आतही हेच चाललंय, भाऊजी."

"आमच्यात गरम रक्त आहे. त्यात क्षार बसत नाही."

आता अशा माणसापुढे काय बोलणार! पालथ्या घड्यावर पाणी. आणि पाण्यातलं यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं एक नव्हतं. भाऊजींचे वडील चौपन्नाव्या वर्षी हृदयाच्या झटक्याने गेले. थोरले भाऊही चौपन्नावं पुरं न करता गेले. भाऊजींना त्या साली त्रेपन्न सरून चौपन्नावं लागायचं होतं, आणि ताईने ते वर्ष मनात धरलं होतं. ती बोलायची नाही, पण सुट्टीच्या दुपारी भाऊजी झोपले की पाच मिनिटांनी दारात येऊन छाती खालीवर होते का बघून जायची. मला फोन करून विचारायची, "यांना घाम जास्त येतो गं, चालेल ना?" तिला एवढंच हवं होतं की चौपन्नावं वर्ष या माणसाला घेऊन जाऊ नये.

वडिलांच्या मरणाचं भाऊजींनी आपल्या सोयीचं कारण काढून ठेवलं होतं. "वडील पोस्टमन. रोज दहा मैल चालायचे. काय झालं? गेलेच ना! चालून चालून संपवले ठोके." वडील दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं ओढत आणि भाजीत आधीच असलेल्या मिठावर आणखी मीठ घेत, हे ते सांगत नसत. थोरल्या भावाचं तसंच. तो चालत नव्हता, पण "चिडायचा फार, त्यात गेले त्याचे."

एकदा मी ईसीजीच्या कागदाच्या मागेच हिशोब मांडून दाखवला. "तुमची बसल्या जागची नाडी मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. रोज नेमाने चालणाऱ्याची चौसष्ट धरा. मिनिटाला चोवीस जास्त, म्हणजे दिवसाला चौतीस हजारांच्या वर. तासभर चालण्यात जेमतेम तीनेक हजार जास्त लागतील. मग उधळतंय कोण?"

भाऊजींनी कागद हातात घेतला. मनाशी गुणाकार केला, पुन्हा केला. पंपाच्या हिशोबात मुरलेला माणूस, आकडा चुकलेला नाही हे त्यांना कळलं. मग कागदाची घडी घालून म्हणाले, "तुझं मशिन सर्व्हिसिंगला टाकायला झालंय."

मग मी रागाच्या भरात त्यांना रक्तदाब मोजायचं यंत्र आणून दिलं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, आकडा येतो. भाऊजींचा दंड म्हणजे माझी मांडी, म्हणून मुद्दाम मोठा पट्टा मागवला. ताई रोज संध्याकाळी त्यांचा दाब मोजून वहीत लिहायची. यंत्र आणायला ताईच उठायची, पट्टा ताईच बांधायची, बटणसुद्धा ताईच दाबायची. भाऊजी हात पुढे करायचे, तेवढंच.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाऊजी दिवसातून एकदा उतरत आणि एकदा चढत, ती चढणही दोनदा थांबून. बाकी सगळे जिने ताईचे. दळण, भाजी, औषधं, दूध संपलं, बल्ब गेला, भाऊजी चष्मा पंपहाउसवर विसरले. दुपारी गरम डबा घेऊन ती पंपहाउसपर्यंत चालत जायची, कारण नेला नाही तर भाऊजी कोपऱ्यावरचं तळलेलं खायचे. नेला तरी खायचेच, पण डब्यानंतर. ताई स्वतः जेवायची ती भाऊजींचं झाल्यावर, उरलंसुरलं. रात्री साडेअकराला पडायची, पाचला उठायची. आणि मी, हॉस्पिटलातली हुशार मेव्हणी, कौतुकाने सांगायची, "ताईला काय धाड भरलीय! तिचा व्यायाम घरातच होतो."

त्या वर्षी ती दाढ दुखते म्हणू लागली. जिना चढताना दुखायची, वर येऊन बसली की थांबायची. पाठीतही काहीतरी धरल्यासारखं. "पित्त असेल," ती म्हणायची. जिना चढताना दुखते आणि बसल्यावर थांबते अशी दाढ मी जन्मात पाहिली नव्हती. हेच कुणा पेशंटने सांगितलं असतं तर मी त्याला हाताला धरून डॉक्टरांपुढे उभं केलं असतं. ताईला मी म्हटलं, "काढून टाक ती दाढ एकदाची." एकदा तिने भाऊजींचाच पट्टा दंडाला लावून आपला दाब बघितला होता. एकशे अठ्ठावीस. मला सांगितलं, मी म्हटलं, छान. तिचा दंड माझ्या मनगटाहून थोडा जाड. तो पट्टा तिच्यावर दोनदा गुंडाळला जायचा. दंडापेक्षा मोठ्या पट्ट्यात आकडा कमी येतो, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

भाऊजींचा ईसीजी मी दर वाढदिवसाला काढत असे, हीच माझी भेट. चौपन्नावं लागलं त्या दिवशी ताईने त्यांना सक्काळी हॉस्पिटलात आणलं. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये एकाचीच जागा होती. ती कुणाला मिळाली हे सांगायला नको. ताई जिन्याने आली, हातात भाऊजींच्या फायलींची पिशवी, पाण्याची बाटली आणि त्यांचा स्वेटर, कारण आडवं झालं की त्यांना गार लागतं.

भाऊजी शर्ट काढून पलंगावर पसरले. मी वायरी लावत होते आणि तोंडाने नेहमीचं चालू होतं, "श्वास घ्या भाऊजी, तेवढे ठोके खर्च होऊ द्या." ताई त्यांचा शर्ट हातात घेऊन पायथ्याशी उभी.

"माझी दाढ..." ती म्हणाली.

"थांब गं, यांचं होऊ दे आधी."

हे शब्द माझे. मी आता कितीही उगाळले तरी ते माझेच राहणार आहेत.

पट्टी बाहेर आली. सरळ, नेटकी. मी ती ताईला दाखवायला वळले, की बघ, तुझा नवरा ठणठणीत आहे. ताई जमिनीवर बसली होती. भाऊजींचा शर्ट तिने तोंडाशी धरला होता आणि तिच्या कपाळावरून घाम गळत होता. चेहरा भिंतीसारखा पांढरा.

"उठा!" मी भाऊजींवर ओरडले.

आणि ते उठले. छातीच्या वायरी तटातट सुटल्या. मी त्यांना बत्तीस वर्षं ओळखते, पण इतक्या चपळाईने उठताना कधी पाहिलं नव्हतं. दोघांनी मिळून ताईला त्याच पलंगावर, त्याच गरम चादरीवर आडवं केलं. तिच्या छातीला वायरी लावताना माझ्या लक्षात आलं, एकोणीस वर्षांत हिचा ईसीजी मी एकदाही काढलेला नाही.

पट्टी आली. रेघ जिथे वर जाऊन खाली यायला हवी, तिथे ती खांदे उडवून वरच थांबलेली. हा झटका आहे हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. खालच्या मजल्यावर फोन केला, माझाच आवाज मला परका वाटला. पुढच्या अर्ध्या तासात तिला आत नेलं. हातावरच्या नसेतून बारीक नळी घालून हृदयापर्यंत जायचं, बंद झालेली वाहिनी उघडायची आणि आत जाळीचा तुकडा बसवायचा. आम्ही दोघं बाहेर. भाऊजी उभे होते. बाक रिकामा होता तरी उभे.

नंतर डॉक्टरांनी आत बोलावलं, पडद्यावर चित्र दाखवलं. काळ्यावर पांढऱ्या फांद्या, आणि एका फांदीत मध्येच चिमटा काढल्यासारखी जागा. "इथे जवळजवळ बंदच झालं होतं. आणि हे चित्र जाळी बसवल्यानंतरचं."

भाऊजी पडद्याच्या जवळ गेले. मग त्यांनी विचारलं, "मेन लाइनीत का?"

"हो, मेनच म्हणा."

"किती वर्षांचा गाळ असेल?"

"हे एका दिवसात होत नाही. यांचा रक्तदाब आज एकशे साठच्या वर आहे. कुणी कधी मोजला नाही?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं.

"पण डॉक्टर," ते म्हणाले, "ही दिवसभर पायावर असते. बसतच नाही."

"तेच म्हणतोय मी. नुसतं राबणं आणि व्यायाम एक नव्हे. चालणं चांगलं, पण त्याला झोप लागते, वेळेवरचं साधं जेवण लागतं, दाब ताब्यात लागतो, मधून मधून टेकणंही लागतं. आणि तुमचा ईसीजी चांगला आला म्हणून खूश होऊ नका. तो त्या घटकेचा असतो. हे पोट, ही नाडी. तुमचा नंबर यांच्यामागेच आहे."

बाहेर आल्यावर भाऊजी भिंतीला टेकले. मला खूप बोलायचं होतं. तीस वर्षांची टोमण्यांची भूक होती, आणि समोर माणूस आयता उभा होता. पण तेच आधी बोलले.

"मी एक नंबर सलग पंधरा दिवससुद्धा चालवला नाही कधी."

"आणि घरी?"

"घरी पाळीच लावली नाही," ते म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी खिशात रुमाल शोधला. तो ताईच्या पिशवीत होता.

ताई पाच दिवसांनी घरी आली. तिला खाली खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. त्या चौघांत एक भाऊजी होते. पहिल्याच मजल्यावर त्यांना खुर्ची सोडावी लागली, ते हातात पिशवी घेऊन मागून आले, पंधरा मिनिटांनी. डॉक्टरांनी तिला काही आठवडे जिने, उचलणं, वाकणं बंद सांगितलं होतं. म्हणजे ते सगळं दुसऱ्या कुणीतरी करायला हवं होतं, आणि घरात माणसं दोनच.

त्या दिवसांचं काय वर्णन करू! भाऊजींना घरात पेले कुठे असतात ते ठाऊक नव्हतं. वरून ताई सांगायची तसं ते खाली जायचे, एक वस्तू आणायचे, वर येऊन धापा टाकायचे, की दुसरी आठवायची. पहिल्या दिवशी पाच खेपा झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी केली. भाजीत मीठ घालायचं विसरले आणि डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणून निभावून नेलं. आठवड्याने मी गेले तर ओट्यावर एक नोंदवही उघडी, पंपहाउससारख्याच रकान्यांची. एक नंबर, दोन नंबर. एक नंबरसमोर लिहिलेलं: बंद, विश्रांती. दोन नंबरसमोर: चालू. आवाज येतो.

"आवाज कसला येतो?" मी विचारलं.

"गुडघ्यांचा," ते म्हणाले, आणि केर काढायला घेतला.

रक्तदाबाचे पट्टे आता दोन आहेत. लहान पट्टा मी आणला. भाऊजींनी आधी तो ताईच्या दंडावर नीट बसतो का ते बोट घालून दोनदा तपासलं, मग मला म्हणाले, "तुझ्याविरुद्ध दोन पानी तक्रार लिहायला हवी होती." बरोबरच होतं ते.

मग ताईला चालायला सांगितलं. आधी पाच मिनिटं, मग दहा, सपाटीवर, सावकाश. टाकीभोवतीची वाट सपाट म्हणून आम्ही तिघं संध्याकाळी तिथे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी ताई वाटेवर उभीच राहिली.

"पण जायचं कुठे?"

"कुठेच नाही. नुसतं चालायचं."

"आणि आणायचं काय?"

तिच्या हातांना काही उचललेलं नसलं की कसं राहायचं ते कळेना. तिने ते पोटाशी धरले, मग मागे घेतले, मग माझ्या हातातली छत्री मागितली. मी दिली नाही.

एका महिन्यात ती टाकीभोवती चार फेऱ्या घालू लागली, बोलत, धाप न लागता. भाऊजी तिसऱ्या फेरीला मागे पडायचे. झटका जिला आला ती पुढे, आणि ज्यांचे सगळे ठोके शिल्लक ते मागून, शर्ट पाठीला चिकटलेला. मला हे दृश्य बघताना गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू. ताई मात्र वळून वळून बघायची. चौपन्नावं अजून सरलं नव्हतं.

परवा चौथ्या फेरीनंतर ती बाकावर बसली. भाऊजीही येऊन तिच्या शेजारी कोसळले, तोंडाचा लाल भोपळा झालेला.

"पाणी हवं होतं," ताई म्हणाली. सवयीने, स्वतःशीच.

बाटली आणायची राहिली होती. नळ पंपहाउसच्या दाराशी, वाटेच्या पार दुसऱ्या टोकाला. भाऊजींनी नळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे बघू लागले. चांगली उंच टाकी आहे. गुडघ्यांवर हात ठेवून ते उठले आणि निघाले, एका बाजूला झुकत, मध्ये एकदा थांबून.

ते थांबले तशी ताई अर्धवट उठली.

"बस तू," मी म्हटलं.

"अगं, दम लागेल त्यांना."

"लागू दे."

ती तशीच, ना उभी ना बसलेली, एक हात बाकाच्या कडेवर, त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. भाऊजी पुन्हा चालू लागले. नळापर्यंत पोचले, दारातला पेला घेतला, भरला.

ताई खाली बसली.